स्मिथ म्हणजे लोहार. आणि आपल्या सोनाराचं नाव कुणाला माहीत आहे?

पोस्ट मोठी आहे. वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, पण अर्धवट वाचून कमेंटमध्ये भांडू नका.

परवा एका ओळखीच्या घरी बसलो होतो. त्यांची मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करतेय. समोर प्रश्नसंच, हातात पेन्सिल, एकेक प्रश्न मोठ्याने वाचून खूण करत चालली होती. एक प्रश्न आला, 'अजिंठा लेण्यांचा शोध कोणी लावला?' खाली चार पर्याय. तिने वाचून पूर्ण होण्याआधीच खूण केली, जॉन स्मिथ.

कोपऱ्यात आजोबा बसलेले होते. ते मूळचे सोयगावकडचे, लहानपणी त्या डोंगरात गुरं चारलेली. ते म्हणाले, "आमले तं ते ठावकच व्हतं. शोध कसाना?"

पोरगी म्हणाली, "बाबा, बरोबर असेल तुमचं. पण मार्क त्यालाच आहे."

आजोबा हसले आणि गप्प बसले. मी पण हसलो. घरी येईपर्यंत मात्र हसू गेलं होतं. कारण त्या एका वाक्यात आपल्या सगळ्या इतिहासाची गोम आहे भो. आपल्याला काय माहीत आहे ते वेगळं, आणि मार्क कशाला आहेत ते वेगळं.

म्हणून आज या स्मिथबद्दल लिहितोय.

आधी माणूस कोण ते बघू. जॉन स्मिथ, मद्रासच्या फौजेतल्या २८व्या घोडदळाचा अधिकारी. २८ एप्रिल १८१९ रोजी तो शिकारीच्या निमित्ताने वाघूरच्या घळीत आला. सांगितली जाणारी गोष्ट अशी की, गुरं राखणाऱ्या एका स्थानिक पोराने त्याला वाट दाखवली आणि तो लेणं क्रमांक १० मध्ये पोहोचला. आत दगडमातीचा ढीग होता. त्या ढिगावर उभं राहून त्याने खांबावरच्या एका चित्रावर टोकदार वस्तूने स्वतःचं नाव, पलटण आणि तारीख कोरली. आता ढीग काढलाय, म्हणून ते नाव आपल्या डोक्याच्या वर दिसतं. गाईड लोक बॅटरी मारून दाखवतात. लोकही मान वर करून बघतात, "अरे वा, हाच तो!"

आता जरा आडनावाकडे या. इंग्लंडमध्ये सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव म्हणजे स्मिथ. आपल्याकडे गोलाणी मार्केटच्या जिन्यावर उभं राहून "ओ पाटील!" अशी हाक मारली तर किती माना वळतील? तसं तिकडे स्मिथचं. आणि जॉन हे नावही तिकडे असंच पैशाला पासरी. म्हणजे आपल्या जागतिक वारशाचा 'शोधक' म्हणून आपण ज्याचं नाव पाठ करतोय, त्याच्या नावाचे लोक तिकडे गल्लोगल्ली होते.

त्यात नामवंतही कमी नाहीत. अर्थशास्त्राचा जनक म्हणतात तो अॅडम स्मिथ, ज्याचा 'वेल्थ ऑफ नेशन्स' १७७६ मध्ये आला. इंग्लंडच्या जमिनीखालच्या थरांचा नकाशा १८१५ मध्ये छापणारा विल्यम स्मिथ. भारताचा प्राचीन इतिहास लिहिणारा विन्सेंट स्मिथ, ज्याचं पुस्तक वाचून आपल्याकडच्या कॉलेजांच्या कित्येक पिढ्या परीक्षा देत आल्या. क्रिकेटवाले म्हणतील, ग्रॅम स्मिथ आणि स्टीव्ह स्मिथ राहिले. बरोबर, तेही आहेत.

आणखी एक जॉन स्मिथ आहे, तोही कॅप्टन. हा १६०७ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियाला जेम्सटाउन वसवणाऱ्यांत होता. तिथल्या मूळ लोकांनी त्याला पकडलं आणि पोकाहोंटास नावाच्या मुलीने वाचवलं, ही गोष्ट त्याची त्यानेच सांगितलेली. बघा, तिकडेही तेच. माणूस बाहेरून येतो, वाट स्थानिक पोर दाखवतं आणि पुस्तकात 'शोध' बाहेरच्याच्या नावावर जातो. फरक एवढाच की तिथल्या मुलीचं नाव तरी टिकलं. आपल्या गुराख्याचं तेही नाही.

आणि आपल्या महाराष्ट्रातला एक स्मिथ तर विसरून चालणारच नाही. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले, तेव्हा समोरच्या इंग्रज फौजेचा सेनापती होता जनरल लायोनेल स्मिथ.

म्हणजे स्मिथ म्हणजे कोणी एक माणूस नाही. स्मिथ म्हणजे त्या काळात इकडे पसरत चाललेली सत्ता. आणि सत्तेने भिंतीवर नाव कोरलं की त्याला शोध म्हणतात. आपल्या पोराने कोरलं की त्याला काय म्हणतात, ते पुढे सांगतो.

अर्थ सांगायचा राहिला. स्मिथ म्हणजे धातूचं काम करणारा. ब्लॅकस्मिथ म्हणजे लोहार, गोल्डस्मिथ म्हणजे सोनार. टेलर म्हणजे शिंपी, पॉटर म्हणजे कुंभार, कारपेंटर म्हणजे सुतार, शेफर्ड म्हणजे मेंढपाळ. आपल्याकडची लोहार, सोनार, शिंपी, कुंभार, सुतार ही आडनावं आणि त्यांची ही आडनावं एकाच मुशीतली. दोन्हीकडे धंद्यावरून माणूस ओळखला गेला. म्हणून त्या प्रश्नाचं उत्तर सरळ मराठीत लिहायचं तर असं होतं, 'अजिंठा लेण्यांचा शोध कॅप्टन लोहार यांनी लावला.'

हसू येतंय ना? मला नाही येत. कारण अजिंठ्याला लोहार खरंच होता, फक्त तो १८१९ मध्ये आला नाही.

विचार करा. अख्खा बसाल्टचा कडा. त्यात तीसएक लेणी. सगळ्यात जुनी ९ आणि १० क्रमांकाची, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकातली. बाकीची बहुतेक पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली. हे सगळं छिन्नी-हातोड्याने कोरलं. काळ्या पाषाणावर छिन्नी किती वेळ टिकते, ते आपल्या गावातल्या पाथरवटाला विचारा. धार जाते, पुन्हा भट्टीत घालावी लागते, पुन्हा ठोकावी लागते. एवढं काम चालू असताना भाता आणि ऐरण जवळपास नव्हतीच, असं कोणी म्हणू शकेल का? तो लोहार, त्याची बायको भाता ओढणारी, पोरं कोळसा वाहणारी. त्यांचं नाव कुठल्याच खांबावर नाही. नाव आहे ते त्याच अर्थाचं आडनाव लावून वीसएक शतकांनी घोड्यावरून आलेल्या माणसाचं.

आता कोणी म्हणेल, "भाऊ, नावं नाहीतच तर आणायची कुठून? उगाच भावनिक होताय."

नावं आहेत. आपण वाचली नाहीत.

त्याच १० नंबरच्या लेण्याच्या दर्शनी कमानीवर ब्राह्मी लिपीत एक लेख आहे. दर्शनी भाग वासिठीपुत कटहादी याने दान दिला, असं त्यात म्हटलंय. वासिठीपुत म्हणजे वासिष्ठीचा मुलगा. आईचं नाव आधी, मग स्वतःचं. दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस दान देतो आणि लेखात आईला पुढे ठेवतो. त्याच लेण्याच्या आत स्मिथचं नाव आहे. एक नाव दान देऊन लिहिलेलं, दुसरं चित्र खरवडून. गाईडची बॅटरी कोणत्या नावावर पडते?

१२ नंबरचं लेणं घनामदड नावाच्या एका वाण्याचं दान आहे, तसं तिथे लिहिलंय. १६ नंबरमध्ये हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे. २६ नंबरमध्ये बुद्धभद्र नावाच्या भिक्षूचा. आणि १७ नंबरचा लेख ज्या राजाचा आहे, त्याला बरेच अभ्यासक ऋषिक देशाचा, म्हणजे ढोबळमानाने आपल्या खान्देशाचा राजा मानतात. त्या लेखात त्याच्या धाकट्या भावाचं, रविसांबाचं नाव आहे. तो भाऊ मेला, त्या दुःखातून मन धर्माकडे वळलं आणि हे काम झालं, असा त्याचा आशय. जगातली एवढी सुंदर चित्रं असलेलं लेणं आपल्या भागातल्या एका माणसाने भाऊ गेल्याच्या दुःखात उभं केलं. हे आपल्या पोरांना कोणी सांगतं का? नाही. त्यांना काय सांगतात? वाघ आणि स्मिथ.

आता 'हरवली होती' या दाव्याकडे येऊ. सातव्या शतकात चिनी प्रवासी युआन श्वांग, म्हणजे आपण पुस्तकात ह्युएन त्संग म्हणून शिकलो तो, महाराष्ट्रातल्या डोंगरात कोरलेल्या मोठ्या विहाराचं आणि दगडी हत्तींचं वर्णन करतो. अभ्यासक ते अजिंठ्याचंच मानतात. २६ नंबरजवळ राष्ट्रकूट काळातला लेख आहे. म्हणजे भिक्षू कमी झाले तरी लोक येत-जात होतेच.

आणि सगळ्यात मोठा पुरावा तर रस्त्यावर पडलाय. लेण्यांच्या डोंगरालगतच्या गावाचं नाव काय? लेणापूर. हे नाव काही कुठल्या कॅप्टनने ठेवलेलं नाही. 'लेण' हा शब्द नाशिकच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेखांत आहे, आणि आजही आपली आजी 'लेण्यावर जाऊन आलो' म्हणते. ज्या गावाच्या नावातच लेणं आहे, त्या गावाशेजारचं लेणं 'हरवलं' कसं काय? शहरातल्या माणसाला वाट माहीत नव्हती, एवढंच खरं. मला लंडनची वाट माहीत नाही म्हणून उद्या मी तिकडे जाऊन लंडनचा शोध लावला म्हणू का?

स्मिथ आला तो काळही समजून घ्या, म्हणजे 'फिरता फिरता सापडलं' या गोड गोष्टीतली हवा निघेल. त्याच्या चौदा महिने आधी, २७ फेब्रुवारी १८१८ ला, धुळे जिल्ह्यात तापीकाठी थाळनेरच्या किल्ल्यावर मद्रासच्या फौजेचा सरसेनापती सर थॉमस हिस्लॉप याने हल्ला केला. किल्ला पडल्यावर आतली शिबंदी कापून काढली आणि किल्लेदार तुळशीराम मामा यांना फाशी दिली. स्मिथ त्याच मद्रासच्या फौजेचा. त्याच सुमारास खान्देश कंपनीच्या ताब्यात गेला, कॅप्टन जॉन ब्रिग्ज पहिला कलेक्टर झाला आणि धुळ्याला जिल्ह्याचं ठाणं बसलं. सातपुड्यात आणि सातमाळ्यात भिल्लांचे उठाव चालू होते. ते शमवायला १८२५ मध्ये धरणगावला औट्रामने भिल्ल पलटण उभी केली. अजिंठा गाव निजामाच्या हद्दीत, पण डोंगर सगळ्या बाजूंनी फौजांनी घेरलेला. तो डोंगर रिकामा नव्हता. तिथे माणसं होती, पण नोंदीत फक्त वाघ उरला.

शिरपूरच्या मित्रांनो, थाळनेर तुमच्या तालुक्यात आहे. तुळशीराम मामांचं नाव तुमच्या शाळेत किती पोरांना माहीत आहे ते उद्या विचारून बघा. आणि मग जॉन स्मिथ विचारा.

आता विरोधी बाजू. कमेंटमध्ये येण्याआधीच उत्तर देतो.

पहिला आक्षेप, "स्मिथ नसता तर जगाला कळलं नसतं."

हे अर्धंसुद्धा खरं नाही. स्मिथने मागे ठेवलं ते खांबावरचं नाव. जगाला कळलं ते नंतरच्या लोकांच्या कष्टाने. जेम्स फर्ग्युसनने १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचला, तेव्हा कुठे कंपनी हलली. १८४४ मध्ये रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याला चित्रांच्या नकला करायला पाठवलं. या माणसाने इथे आयुष्य घातलं. त्याच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या, तरी तो पुन्हा कामाला लागला. १८७९ मध्ये तो गेला आणि पुरला कुठे, तर आपल्या भुसावळला. भुसावळकरांनो, तुमच्यापैकी किती जणांना हे माहीत होतं? त्याची सोबतीण पारो १८५६ मध्ये कॉलऱ्याने गेली, तिची कबर अजिंठा गावात आहे. तिच्यावर सिनेमा आला म्हणून नाव तरी ऐकलंय. आडनाव? ते कुणी विचारलंच नाही.

गिलनंतर मुंबईच्या जे. जे. आर्ट स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून अनेक हंगाम इथे राबले. त्यातले विद्यार्थी इथलेच, पेस्तनजी बोमनजींसारखे. पुढे लेडी हेरिंगहॅमबरोबर नंदलाल बोस आले. निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी अजिंठ्यावर मोठे ग्रंथ काढले. खरं श्रेय द्यायचं तर या लोकांना द्या. म्हणजे माझा राग इंग्रजांवर नाही. गिल इंग्रजच होता, त्याला मी हात जोडतो. माझा राग, काम करणाऱ्यापेक्षा नाव कोरणाऱ्याला मोठं मानण्यावर आहे.

दुसरा आक्षेप दुसऱ्या टोकाचा, "आपल्या पूर्वजांना सगळंच माहीत होतं, गोऱ्यांनी फक्त चोरलं."

हेही खोटं, आणि जास्त धोक्याचं, कारण ऐकायला गोड लागतं. त्या गुराख्याला लेणं माहीत होतं, पण कटहादीचं नाव वाचता येत नव्हतं. मलाही आलं नसतं. ब्राह्मी लिपी वाचायची आपण पार विसरून गेलो होतो. ती १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने उलगडली, तोही इंग्रजच. त्यानंतर आपले डॉ. भाऊ दाजी लाड अजिंठ्याच्या लेखांवर बसले, भगवानलाल इंद्रजी बसले. मेहनत केली तेव्हा नावं सापडली. नुसतं 'आमच्याकडे सगळं होतं' म्हणून काही सापडत नाही. जागा माहीत असणं आणि अर्थ माहीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात आपण पुढे होतो, दुसऱ्यात मागे. दोन्ही मान्य करायला लाज कसली?

हे धुळ्याच्या लोकांना तरी सांगायला नको. तुमच्या गावात इतिहासाचार्य राजवाड्यांनी शेवटचा श्वास घेतला, ३१ डिसेंबर १९२६ ला. तो माणूस आयुष्यभर गावोगाव फिरला, वाड्यांच्या माळ्यावरून कागद गोळा केले आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' बावीस खंडांत छापली. दुसऱ्याने लिहिलेल्या इतिहासावर त्यांचं भागत नव्हतं, म्हणून ते नुसतं रागावून बसले नाहीत, पुरावे शोधायला निघाले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही धुळ्यात उभं आहे. आपण शेवटचं तिथे कधी गेलो?

आता तो सोनार. शीर्षकात म्हटलं ना.

चाळीसगावच्या दक्षिणेला, गौताळ्याच्या डोंगरात पितळखोरा लेणी आहेत. कागदावर तालुका कन्नड, पण पाटणादेवीकडून डोंगर आपलाच. अजिंठ्याच्या सगळ्यात जुन्या लेण्यांइतकीच जुनी. तिथल्या खोदकामात एका यक्षाची मूर्ती सापडली. बुटका, पोट सुटलेला, डोक्यावर वाडगं धरलेला, आणि चेहऱ्यावर असं हसू की बघणाऱ्यालाही हसू यावं. ही मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्या यक्षाच्या हाताच्या मागच्या बाजूला एक छोटा लेख आहे. अर्थ एवढाच, 'कण्हदास सोनाराने केली.'

कण्हदास, म्हणजे कृष्णदास. आपल्या भाषेत कान्हा. आणि धंदा सोनार. मूळ शब्द 'हिरणकार', सोन्याचं काम करणारा.

इंग्रजीत या माणसाचं आडनाव काय झालं असतं? गोल्डस्मिथ.

म्हणजे खान्देशच्या दोन डोंगरांत दोन स्मिथांची नावं कोरलेली आहेत. एकाने दगडातून हसणारा यक्ष काढला आणि कामाच्या मागच्या बाजूला, हात वळवून बघितल्याशिवाय दिसणार नाही अशा ठिकाणी नाव लिहिलं. दुसऱ्याने दुसऱ्याच्या चित्राच्या अंगावर स्वतःचं नाव ओरखडलं. आपल्या प्रश्नसंचात दुसऱ्याला एक मार्क आहे. पहिल्याबद्दल प्रश्नच नाही.

चाळीसगावचे, पाचोऱ्याचे, भडगावचे कितीतरी सोनार, लोहार, सुतार माझ्या यादीत आहेत. आपल्या धंद्यातल्या एका माणसाने दोन हजार वर्षांपूर्वी इथे सही केली, हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं का? मला तरी चाळिशी उलटल्यावर कळलं, तेही स्वतः वाचलं म्हणून.

तिथूनच पाटण्याला उतरा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला, निकुंभ राजांनी दान दिलं, १२०७ चा शिलालेख आहे. तोही भाऊ दाजींनीच उजेडात आणला. आपल्याकडे गणिताची शाळा होती भो, आठशे वर्षांपूर्वी. आपण तिथे जातो ते धबधब्यासमोर रील काढायला.

आता स्वतःकडे बोट. मागच्या पावसाळ्यात मी घरच्यांना घेऊन अजिंठ्याला गेलो होतो. फर्दापूरच्या टी पॉइंटला गाडी लावली, बसने वर गेलो. परतीच्या वाटेवर एका ठिकाणी कॉलेजची दोन पोरं दगडावर किल्लीने बदामाचं चित्र आणि दोन अक्षरं कोरत होती. मी हटकलं. एक पोरगा म्हणतो, "काका, आत त्या इंग्रजाने पण केलंय ना?"

काय उत्तर देणार? कायद्याने सांगायचं तर संरक्षित स्मारकाचं असं नुकसान केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ते मी सांगितलं. पण पोराचा प्रश्न चुकीचा नव्हता. आपणच त्याला शिकवलंय की भिंतीवर नाव कोरलं की माणूस इतिहासात जातो. एकाच कृत्याला एकासाठी 'शोध' आणि दुसऱ्यासाठी 'गुन्हा' म्हणायचं, आणि वर पोरांना शिस्त नाही म्हणायचं, हे जमणार नाही.

म्हणून नुसती कुरकुर न करता काही सरळ मागण्या मांडतो. पटल्या तर उचला.

एक. क्लासवाले, प्रश्नसंच छापणारे आणि शाळेतले शिक्षक मित्र यादीत आहेत. प्रश्न बदला. 'अजिंठा लेण्यांचा शोध कोणी लावला' याऐवजी '१८१९ मध्ये अजिंठ्याला आलेला ब्रिटिश अधिकारी कोण' असं विचारा. उत्तर तेच राहील, पोरांचा मार्क जाणार नाही, आणि खोटंही शिकवावं लागणार नाही. सोबत एक नवा प्रश्न घाला, '१० क्रमांकाच्या लेण्याचा दर्शनी भाग कोणी दान दिला?'

दोन. १० नंबरच्या लेण्यापाशी कटहादीचं नाव मराठीत, ठळक, कुणालाही वाचता येईल असं लावा. पुरातत्त्व खात्याला पत्र लिहायला पैसे लागत नाहीत. मी मसुदा करतो, सह्या तुम्ही द्या. गाईड मित्रांनाही विनंती, स्मिथ दाखवा, जरूर दाखवा, पण आधी बॅटरी कटहादीवर मारा.

तीन. जळगाव-धुळ्याच्या शाळांच्या सहली पितळखोरा आणि पाटण्यालाही न्या. कण्हदासाची मूर्ती दिल्लीत आहे, निदान तिचा मोठा फोटो आपल्या शाळेच्या भिंतीवर लागू शकतो.

चार, आणि हे सगळ्यात निकडीचं. अजिंठा, सोयगाव, फर्दापूर, वाकोद, शेंदुर्णी, पहूर या पट्ट्यातली म्हातारी माणसं अजून आहेत. त्यांना लेण्यांची, टेकड्यांची, कुंडांची जुनी नावं माहीत आहेत, अहिराणीत आणि तावडीत. गोष्टी माहीत आहेत. फोन खिशात आहेच. समोर बसा, रेकॉर्डिंग चालू करा, आणि मध्ये बोलू नका. त्या गुराख्याचं नाव आता मिळणार नाही. पण त्याच्या नातवा-पणतवांची नावं आजही मिळतील, उशीर केला नाही तर.

मी सुरुवात केलीये. त्या आजोबांकडे पुन्हा गेलो, अर्धा तास बोलते केले. गुरं कोणत्या घळीत पाणी प्यायची, पावसाळ्यात कोणत्या लेण्यात आडोशाला बसायचे, त्यांची आजी तिथल्या बुद्धाच्या मूर्तीला काय म्हणायची, सगळं आलं. शेवटी मी विचारलं, "बाबा, तुम्हाला हे कोणी दाखवलं होतं?"

म्हणाले, "मना बापनी."

"आणि त्यांना?"

"त्याना बापनी."

नात शेजारीच बसली होती. तिने प्रश्नसंच मिटून ठेवला आणि रेकॉर्डिंग मलाही पाठवा म्हणाली.

तुमच्या घरी असं कोणी असेल तर खाली लिहा. गाव आणि डोंगराचं जुनं नाव तेवढं लिहा, बाकी भेटून बोलू.